वडगावातला दूरदर्शनचा रविवार

रेडिओला आमची सीमा कधी कळलीच नाही. मध्यम लहरी जमिनीला धरून लांबवर जातात, रात्री तर आणखी लांब. बेळगावात रेडिओचा काटा जरासा इकडे सरकवला की सांगली लागायचं, जरासा तिकडे सरकवला की धारवाड. सकाळी आमच्या घरात सांगलीची भक्तिगीतं असत, शेजारी अक्कांकडे धारवाडहून बसवण्णांची वचनं, आणि मधली भिंत अशी की दोन्ही घरांना दोन्ही ऐकू येई. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची रेघ कागदावर पडली, हवेत ती पडली नव्हती.

टीव्हीचं तसं नव्हतं. त्याच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात, आणि मनोऱ्याची ताकद संपली की पडद्यावर मुंग्या सुरू होतात. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, बेंगळूरचं १९८१ मध्ये. बेळगाव दोन्हींपासून साधारण पाचशे किलोमीटर, म्हणजे दोघांच्याही हाताबाहेर. पुण्याच्या आत्याकडे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे मुंबईचे कार्यक्रम दिसत आणि सुट्टीत ती आली की त्यांच्या गोष्टी सांगे. आम्ही न बघितलेल्या मालिकांची पात्रं आम्हाला नावानिशी ठाऊक होती. गंमत म्हणजे शेजारच्या विजापूर जिल्ह्यातल्या काही खेड्यांनी आमच्या कितीतरी आधी टीव्ही बघितला होता. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ हा वर्षभराचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत थेट कार्यक्रम पोचवले गेले, त्यात विजापूर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हे होते. वर्ष संपलं, प्रयोग थांबला, आणि ती गावं पुन्हा रेडिओवर आली.

१९८२ च्या १५ ऑगस्टपासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंगीत झाला. पुढच्या वर्षी इन्सॅट-१बी वर गेला, आणि १९८४ मध्ये देशभर लहान मनोरे उभे करायची मोहीम निघाली. काही महिने तर रोज एक मनोरा सुरू होत होता. हे मनोरे शंभर वॅटचे. उपग्रहावरून जे उतरेल ते घ्यायचं आणि आसपासच्या वीस-पंचवीस किलोमीटरांत पसरवायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांच्यापाशी स्टुडिओ नव्हता, कॅमेरा नव्हता, स्वतःचा निवेदक नव्हता. म्हणून सुरुवातीच्या त्या वर्षांत आमच्याकडे जे आलं ते दिल्लीचं होतं. हिंदी आणि इंग्रजी. त्यात कन्नड नव्हतं आणि मराठीही नव्हतं. दोन्ही बाजूंच्या लोकांना याचा राग होता आणि तो रास्त होता. स्वतःच्या मुलखात स्वतःची भाषा पडद्यावर नसणं ही लहान गोष्ट नाही. तरीही त्या दिल्लीच्या दिवसानं आमच्या गल्लीत जे घडवलं ते मला फार मोलाचं वाटतं, आणि ते कशामुळे घडलं हे नीट सांगायला हवं, कारण तसं पुन्हा घडवावंसं आता कुणालाच वाटत नाही.

आमचं घर वडगावात. वडगाव, शहापूर ही विणकरांची वस्ती. शहापूर तर संस्थानी काळात सांगलीकर पटवर्धनांच्या ताब्यात होतं आणि लागून असलेलं बेळगाव इंग्रजांच्या. त्यामुळे एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाताना राज्य बदलणं इथल्या जुन्या माणसांना नवं नव्हतं. आमच्या गल्लीत मराठी आणि कन्नड विणकरांची घरं एकाआड एक होती, आणि दिवसभर मागांची खटखट सगळीकडे सारखीच. टीव्ही पहिल्यांदा आला तो अक्कांकडे. दोन दरवाजे सरकवून बंद करता येणारं लाकडी कपाट, आत काळा-पांढरा पडदा, शेजारी गुरगुरणारा स्टॅबिलायझर. आई त्यांना अक्का म्हणायची, त्या आईला वैनी म्हणायच्या. अक्का मराठी बोलायच्या, पण कन्नडच्या चालीवर. आईचं कन्नड बाजारापुरतं.

वर्षं कसली होती तेही सांगायला हवं. १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्ध सीमाभाग पेटला. गोळीबार झाला, माणसं गेली. आमच्या गल्लीतली मोठी माणसं त्या दिवसांत एकमेकांशी मोजकंच बोलत, आणि आई मला अक्कांकडे ताक मागायला पाठवतानाही दाराशी क्षणभर थांबायची. त्यानंतर काही महिन्यांनी, २५ जानेवारी १९८७ ला, रविवारी सकाळी रामायण सुरू झालं आणि अक्कांनी स्वतः येऊन सांगितलं, “वैनी, पोरांना घेऊन या. चटई घातलीय.”

रामायणाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. ओस पडलेले रस्ते, पडद्याला घातलेले हार, हे सगळं आमच्याकडेही झालं. मला त्यातलं एकच आठवतं, की माग बंद असायचे. एरवी सणावारीही एखाद्या घरात खटखट चालू असे. त्या वेळेत गल्ली इतकी शांत व्हायची की पंख्याचा आवाज ऐकू यायचा. त्यापुढचं सगळं मला दुपारचं आठवतं.

रविवारी दुपारी दोन गोष्टी असायच्या. एक, कर्णबधिरांसाठीच्या बातम्या. अक्कांच्या धाकट्या दिराला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. माग चालवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. धागा तुटला की इतरांना आवाज बदलल्यावर कळायचं, त्याला हात लावून कळायचं. शाळेत कुणी त्याला खुणांची भाषा शिकवलेली नव्हती, त्याच्या खुणा घरच्या होत्या. तरी तो त्या बातम्यांना पडद्यापासून दोन हातांवर बसायचा आणि निवेदिकेच्या हातांकडे बघत राहायचा. काही महिन्यांत पंतप्रधान, पूर, विमान, निवडणूक अशा खुणा त्यानं नुसत्या बघून उचलल्या. बातम्या संपल्या की तो मागे वळून आम्हाला देशात काय झालं ते सांगायचा. आम्ही मुलं त्याच्याकडून त्या खुणा शिकलो. घरात बारा-पंधरा माणसं, अर्धी मराठी, अर्धी कन्नड, आणि बातम्या सांगणारा तो. एरवी त्याला कुणी काही विचारायचं नाही. त्या पंधरा मिनिटांनंतर सगळे त्याच्याकडे तोंड करून बसायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रादेशिक चित्रपट. राष्ट्रीय वाहिनीवर रविवारी दुपारी देशातल्या वेगवेगळ्या भाषांतले, बहुतेक पुरस्कार मिळवलेले चित्रपट दाखवत. खाली इंग्रजी अक्षरं. एका रविवारी बंगाली, पुढच्या वेळी मल्याळम, मग आसामी, मग उडिया. गल्लीतले निम्मे लोक पहिल्या दहा मिनिटांत उठून जायचे. हे चित्रपट संथ असत, गाणी नसत, आणि दुपारची वेळ. पण आई, अक्का, माझा कॉलेजात शिकणारा दादा आणि आम्ही एक-दोन मुलं, एवढी मंडळी शेवटपर्यंत टिकायची. दादा इंग्रजी अक्षरं वाचून मराठीत सांगायचा. अक्का ते ऐकून सासूला कन्नडमध्ये सांगायच्या. अज्जींना थोडं उशिरा कळायचं, म्हणून एखाद्या प्रसंगावर आमचे डोळे भरून येऊन गेले की मग त्यांचे भरून यायचे. असमच्या नदीकाठचं कुणाचं तरी दुःख वडगावात तीन भाषांतून उतरून एका म्हातारीपर्यंत पोचत होतं. ते पोचवताना मधलं कुणी कंटाळलं नाही, हे मला आजही नवल वाटतं.

आणि मग कधीतरी कन्नड चित्रपटाची पाळी यायची. त्या दिवशी अक्कांचा थाट वेगळा. जेवणं लवकर, चटईऐवजी सतरंजी. सत्तरच्या दशकापासून कन्नडमध्ये नव्या चित्रपटांची एक मोठी लाट आली होती. गिरीश कासरवळ्ळी, ब. व. कारंत, गिरीश कार्नाड ही त्यातली नावं. त्यातले चित्रपट आम्ही असे दिल्लीमार्गे बघितले. बेळगावच्या थिएटरात ते आले असतील नसतील, आले असते तरी आमच्या घरचं कुणी गेलं नसतं. इथे मात्र अक्का बाजूला बसून प्रत्येक वाक्याचं मराठी करत होत्या. ते करताना त्यांचा आवाज बदलायचा. एरवी मराठीत अडखळणारी बाई त्या दिवशी घरमालकिणीच्या हक्कानं बोलायची. आईनं मग मध्येच विचारायचं, “एन अंतार, अक्का?”, म्हणजे काय म्हणतात, आणि अक्कांनी खुलून सांगायचं. आईचं बाजारापुरतं कन्नड अशा दुपारी वाढलं. कुणी सक्ती केली म्हणून ते आलं नाही.

मराठी चित्रपट लागला की आमची पाळी. जब्बार पटेलांच्या एका चित्रपटात स्मिता पाटीलच्या नवऱ्याच्या भूमिकेत गिरीश कार्नाड दिसले आणि अक्का एकदम म्हणाल्या, “हे तर आमचे!” आई म्हणाली, “छे, किती चांगलं मराठी बोलतात.” दोघींचंही खरं होतं. कार्नाडांचा जन्म माथेरानचा, घरची भाषा कोकणी, लहानपण शिरसी-धारवाडचं, लिहिलं कन्नडमध्ये आणि काम केलं मराठी, हिंदी, कन्नड सगळीकडे. तो वाद त्या दुपारी सुटला नाही, आणि चहा पिताना परत निघाला. गोळीबाराच्या नंतरच्याच काळात आमच्या दोन घरांत एका माणसावरून असा गोड वाद व्हावा, दोघींनीही त्याला आपलं म्हणावं, यासाठी त्या चित्रपटाची वेळ ठरवणाऱ्या दिल्लीतल्या कुणा अधिकाऱ्याचे मी आभार मानतो. त्याला वडगाव माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

संध्याकाळचा हिंदी चित्रपट सगळ्यांचा. त्यात गर्दी, गोंगाट, आणि नेमका शेवटाला करंट जाणं. मग बातम्या, हिंदी आणि नंतर इंग्रजी. बाबा त्या उभ्यानं ऐकायचे.

रात्री उशिरा, बहुतेक घरं झोपल्यावर, शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम असत. यासाठी बाबा आणि अक्कांचे यजमान जागे राहायचे. हे दोघे दिवसा फारसे बोलत नसत. एक महाराष्ट्र एकीकरण समितीच्या सभांना जाणारे, दुसरे कर्नाटक एकीकरणाच्या आठवणी जपणारे. पण पडद्यावर कुमार गंधर्व आले की दोघे एका चटईवर. कुमारांचा जन्म सुळेभावीचा, आमच्या बेळगावाशेजारचंच गाव. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे त्यांचं नाव, घर कन्नड, शिक्षण मुंबईत देवधर मास्तरांकडे, आयुष्य माळव्यात देवासला, आणि गाणं मराठी घराघरांत. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूरचे. गंगूबाई हनगल हुबळीच्या. भीमसेन जोशी गदगचे, ते पुण्यात राहून अभंग गायचे आणि पुरंदरदासांची पदंही. या सगळ्यांना दिल्लीहून निवेदक ‘भारताचे थोर गायक’ म्हणून सादर करी, आणि आमच्या चटईवरचे दोघे एकमेकांकडे बघून मान हलवायचे. आमच्या या एवढ्याशा पट्ट्यानं देशाला काय दिलंय, हे त्यांना त्या उशिरा रात्री कळत होतं, आणि ते सांगायला दोघांना एकमेकांशिवाय कुणी जागं नव्हतं.

१५ ऑगस्ट १९८८ ला ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हे प्रसिद्ध एकात्मता गीत पहिल्यांदा लागलं आणि सुरुवातीलाच भीमसेनजी दिसले. नंतर ते लागलं की बाबा झोपलेल्या आम्हा मुलांना कितीदा तरी उठवून दाखवायचे. त्यात कन्नड ओळ आधी येते, मराठी जवळजवळ शेवटाकडे. आम्ही गल्लीतली मुलं दोन्ही ओळी म्हणायचो. कोण कुणाची ओळ चांगली म्हणतो यावर पैज लागायची, आणि कन्नड ओळ एकदा माझ्या बहिणीनं जिंकली.

एक गोष्ट मोठेपणी कळली आणि तिचा मला फार आनंद झाला. दूरदर्शन दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रयोग म्हणून सुरू झालं, तेव्हा त्याची घडी बसवणाऱ्या सुरुवातीच्या मंडळींत पु. ल. देशपांडे होते. पंडित नेहरूंची टीव्हीवरची पहिली मुलाखत त्यांनी घेतली. आणि हे पु. ल. त्याआधी बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायचे. मराठी शिकवणारा, कन्नड गवयांच्या गाण्यावर जीव टाकणारा हा माणूस आमच्या टिळकवाडीतून चालत गेला होता. त्या पडद्यामागे अगदी पहिल्या दिवसांत आमच्या गावाची हवा लागलेलं कुणी होतं, हे मला दूरदर्शनच्या कुठल्याही मानचिन्हापेक्षा मोठं वाटतं.

पुढे बेंगळूरचे कन्नड कार्यक्रमही आमच्या मनोऱ्यावरून येऊ लागले. अक्कांना आनंद झाला आणि तो होणारच. आम्हाला मात्र संध्याकाळी पडद्यासमोर आपण पाहुणे आहोत असं वाटू लागलं. गडहिंग्लजच्या मामाकडे मराठी बातम्या, आमच्याकडे कन्नड. मधलं अंतर दोन तासांच्या एसटीचं. जी रेघ हवेत नव्हती ती आता रोज संध्याकाळी घरात येत होती. काहींनी बांबूवर बांबू बांधून अँटेना कोल्हापूरकडे वळवला, बूस्टर लावले. दिसायच्या त्या मुंग्याच. मग केबल आली, आणि आम्ही आमच्या घरात आमचा टीव्ही घेतला. अक्कांच्या चटईवर जाणं तिथे थांबलं. त्या आणि आई पुढेही रोज बोलायच्या, पण एका गोष्टीकडे एकत्र बघणं संपलं. प्रत्येकाला आपापली भाषा मिळाली. ती मिळायलाच हवी होती. दुसऱ्याची भाषा कानावर पडायची ती जागा मात्र तेव्हाच गेली.

आता जुने अ‍ॅनालॉग मनोरे २०२२ पर्यंत बहुतेक सगळे बंद झाले. डीडी फ्री डिश आली, एकदा तबकडी बसवली की महिन्याचे पैसे नाहीत. उपग्रहाला कर्नाटक कुठे संपतं ते कळत नाही. त्यामुळे आज खानापूरच्या जंगलातल्या गावातही दूरदर्शनची मराठी वाहिनी सह्याद्री आणि कन्नड वाहिनी चंदना दोन्ही दिसतात, निपाणीतही आणि कारवारातही. रेडिओच्या काळासारखंच पुन्हा झालं आहे, बटण दाबलं की सांगली, बटण दाबलं की धारवाड. फक्त आता बटण कुणी दाबत नाही. मराठी घरात सह्याद्री, कन्नड घरात चंदना, आणि तरुण मुलं दोन्ही सोडून फोनवर.

अक्का आता थकल्या आहेत. मी गावी गेलो की त्यांच्याकडे बसतो. त्या चंदनावरचा ‘थट्ट अंत हेळी’ बघतात, २००२ पासून चाललेला प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम. डॉ. ना. सोमेश्वर प्रश्न विचारतात आणि बक्षीस म्हणून पैसे नाही, पुस्तकं देतात. मला हा कार्यक्रम मनापासून आवडतो. त्याच्यासारखा शांत, पुस्तकांवर माया करणारा कार्यक्रम आमच्या सह्याद्रीवर रोज असावा असं मला वाटतं, आणि असं वाटलं ते अक्कांच्या शेजारी बसून बघितला म्हणून. एकटा मी तो कधीच लावला नसता.

म्हणून माझं एक मागणं आहे, आणि ते साधं आहे. दूरदर्शनपाशी चित्रपट आहेत, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, दोन भाषांच्या दोन वाहिन्या एकाच संस्थेच्या आहेत. आठवड्यातून एका दुपारी सह्याद्रीवर कन्नड चित्रपट दाखवावा, खाली मराठी अक्षरं. त्याच वेळी चंदनावर मराठी चित्रपट, खाली कन्नड अक्षरं. इंग्रजी अक्षरं नकोत. ती वाचायला प्रत्येक घरात दादा नसतो. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे, तो तिथे सुटायचा तेव्हा सुटेल. मी मराठी माणूस आहे आणि माझं त्याबद्दलचं मत मी कुणापासून लपवलेलं नाही. पण न्यायालयाच्या निकालानंतरही अक्कांचं घर आमच्या घराशेजारीच असणार आहे. महाराष्ट्र-कर्नाटकातली कोल्हापूर, सोलापूर, विजापूर, बिदर, बेळगाव, कारवार ही सगळी ठिकाणं अशाच शेजाराची आहेत, आणि इतक्या मोठ्या मुलखासाठी आठवड्यातले दोन तास हे फार मोठं मागणं नाही.

भाषांतर कोण करणार, असं विचारलं जाईल. त्यासाठी बेंगळूर-मुंबईत समिती नेमायची गरज नाही. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मराठी शाळांत कन्नड शिकवणारे शिक्षक आहेत, कचेरीत दिवसभर एकाचा अर्ज दुसऱ्याच्या भाषेत लिहून देणारे लोक आहेत, दोन्ही भाषांत कविता करणारे आहेत. त्यांना मानधन द्या, पडद्यावर नाव द्या. पहिल्या चित्रपटाची अक्षरं लिहायला मी सुट्टी काढून येईन, आणि शंका आली की भिंतीपलीकडे विचारीन.